फोटोतला मासा

नारळी पौर्णिमा होते, होड्या समुद्रात जातात आणि आठ-दहा दिवसांत तो फोटो येतोच. बंदरावर दोघे-तिघे जण एक अगडबंब मासा आडवा धरून उभे. मागे बघ्यांची गर्दी, खाली वजन आणि लिलावात मिळालेला भाव. कधी तो जिताडा असतो, कधी हेकरू. होडी कुठली, जाळे कुठे टाकले, किलोमागे काय मिळाले, हे सगळे बातमीत असते. मासा नर होता की मादी, एवढे मात्र कोणी विचारत नाही.

प्रश्न चोंबडा वाटेल, पण विचारण्यासारखा आहे. हेकरू, ज्याला गोव्यात गोब्रो म्हणतात, तो आधी मादी असतो. बरीच वर्षे जगून, वाढून, मग त्यातले काही नर होतात. जिताड्याचे नेमके उलटे. तो आधी नर, मागाहून मादी. म्हणजे फोटोत मोठा हेकरू असेल तर बहुधा नर गेला आणि मोठा जिताडा असेल तर बहुधा मादी गेली. दोन्ही फोटो दिसायला सारखेच. गेले ते मात्र वेगळे. आणि दोन्ही वेळा गेले ते तयार व्हायला सर्वांत जास्त वर्षे लागणारे होते.

माशांचे लिंग बदलते ही माहिती आता कोणाला नवी नाही. आयुष्यात लिंग बदलणाऱ्या किंवा एकाच वेळी दोन्ही असणाऱ्या माशांच्या सुमारे 500 जाती ठाऊक आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा उष्ण समुद्रांतल्या प्रवाळांवर राहतात. ही माहिती आपल्याकडे दोनच कामांना येते. पहिले काम गमतीचे. निमोचा बाप खरे तर निमोची आई व्हायला हवा होता, हा विनोद 2003 सालचा चित्रपट पाहिलेल्या प्रत्येक पोराने एकदा तरी ऐकलेला आहे. दुसरे काम साक्षीदाराचे. माणसांच्या लिंगओळखीवरून वाद पेटला की एक बाजू माशाला ओढून आणते आणि म्हणते, बघा, निसर्गातच आहे. दुसरी म्हणते, मग जा आणि मासे व्हा. मासा बिचारा दोन्ही वेळा साक्षीला उभा, आणि दोन्ही वेळा त्याला न विचारता.

या साक्षीची गरजच नाही. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी नालसा खटल्यात तृतीयपंथीयांना ओळख आणि हक्क दिले ते घटनेच्या समतेच्या, अभिव्यक्तीच्या आणि सन्मानाने जगण्याच्या कलमांवर. उद्या प्रवाळावरचे सगळे मासे जन्मभर एकाच लिंगाचे निघाले तरी त्या निकालातले एक अक्षर हलणार नाही. माणसाचा हक्क माशाच्या वागण्यावर टांगू नये. तो तिथे टिकतही नाही. शिवाय या गडबडीत मासा जे सांगतो आहे ते ऐकायचे राहून जाते. त्याचे म्हणणे ओळखीबद्दल नाहीच, आकाराबद्दल आहे.

ते समजून घ्यायला हेरॉन बेटावर जावे लागेल. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरच्या या बेटाजवळ रॉस रॉबर्टसन या संशोधकाने एका बोटभर माशाचा पाठपुरावा केला आणि 1972 साली ‘सायन्स’मध्ये त्याची हकीकत छापली. मासा क्लीनर रॅस. अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा, कडेने निळा. धंदा सलूनचा. ठरलेल्या खडकापाशी मोठमोठे मासे येऊन थांबतात, तोंड उघडतात, कल्ले पसरतात आणि हा त्यांच्या अंगावरचे परोपजीवी टिपून खातो. गिऱ्हाईक एरवी याला एका घासात गिळेल एवढे असते. इथे मात्र मुकाट उभे राहते.

या सलूनचा मालक एक नर असतो आणि त्याच्या हद्दीत तीन ते सहा माद्या. माद्यांमध्येही उतरंड असते, थोरली सर्वांच्या वर. नर दिवसभर फेऱ्या मारतो आणि प्रत्येकीला दरडावून जातो, थोरलीला जरा जास्तच. रॉबर्टसन यांनी हा नर काढून घेतला. दीड-दोन तासांत थोरली त्याच्यासारखी दरडावू लागली. दोन-चार दिवसांत ती बाकीच्या माद्यांबरोबर नराच्या भूमिकेत वावरू लागली आणि 14 ते 18 दिवसांत तिच्या, म्हणजे आता त्याच्या, शरीरातून शुक्राणू बाहेर पडू लागले. मराठीत इथे क्रियापदाची पंचाईत होते ती वेगळीच. मधल्या काळात शेजारचा नर हद्दीत घुसला आणि त्याने तिला दाबले, तर बेत रहित. ती मादीच राहते. थोडक्यात, थोरलीला नर होण्यापासून अडवणारी गोष्ट तिच्या शरीरात नव्हतीच. ती समोर पोहत होती.

पुढे अँथियस या केशरी रंगाच्या माशांच्या थव्यांतून एकाच वेळी अनेक नर काढून पाहण्यात आले. जितके नर काढले जवळजवळ तितक्याच माद्या बदलल्या, आणि तेही एकदम नाही तर एकीमागून एक, नंबर लावल्यासारख्या. रिकामी पदे वेळेवर आणि ज्येष्ठतेनुसार भरली जाण्याचे असे उदाहरण मंत्रालयातही सहसा सापडणार नाही.

शरीरात काय घडते त्याचा बराच उलगडा कॅरिबियन समुद्रातल्या ब्लूहेड रॅस या माशावरून झाला. याच्या माद्या पिवळ्या. मोठा नर मात्र निळ्या डोक्याचा, हिरव्या अंगाचा, गळ्याशी काळे-पांढरे पट्टे. नर नाहीसा झाला की मोठ्या मादीचे वागणे काही मिनिटांत बदलू लागते आणि आठ-दहा दिवसांत अंडाशयाच्या जागी वृषण काम करू लागते. संशोधकांनी काही माद्यांचे अंडाशय आधीच काढून टाकले आणि मग नर हलवला, तरी त्या नरासारख्या वागू लागल्या. बदलाची वर्दी आधी मेंदूत पोचते, खालच्या अवयवांना ती मागाहून कळते. मग नरसंप्रेरकाचे स्त्रीसंप्रेरकात रूपांतर करणाऱ्या अरोमाटेज या विकराचे जनुक मंदावते, स्त्रीसंप्रेरक घटते, अंडाशयाच्या पेशी मरतात आणि त्याच जागी नव्या पेशी उभ्या राहतात. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 साली हा क्रम जनुकांच्या पातळीवर मांडला. त्यात ताणाच्या संप्रेरकालाही वाटा दिलेला आहे. वरची जागा रिकामी होणे हासुद्धा ताणच, हे कोणत्याही कार्यालयात नोकरी केलेल्याला वेगळे सांगायला नको.

समुद्रफुलातल्या विदूषक माशाचा, म्हणजे निमोच्या जातीचा, संसार याहून निराळा. समुद्रफुलाच्या डंख मारणाऱ्या बोटांमध्ये एक जोडपे राहते आणि बरोबर दोन-चार लहान मासे. सर्वांत मोठी ती मादी, दुसरा तो नर, बाकीचे ना धड नर ना मादी, थांबलेले. मादी मेली की नराची मादी होते आणि थांबलेल्यांपैकी पहिला नर होतो. पाहणाऱ्याला वाटते हे आई-बाप आणि लेकरे. तसे नसते. अंड्यातून निघालेली पिल्ले पाण्याबरोबर दूर वाहून जातात. इथे राहणारी पोरे परक्यांची असतात. पागडीच्या खोलीत पोटभाडेकरूने मालक कधी जातो याची वाट पाहत राहावे, तसा हा प्रकार. पापुआ न्यू गिनीत पीटर बस्टन यांनी या पोटभाडेकरूंची मापे घेतली आणि 2003 साली दाखवले, की प्रत्येक मासा आपल्या वरच्यापेक्षा ठरावीक प्रमाणात लहान राहतो. वाढायची ताकद असूनही वाढ रोखून धरतो; कारण वरच्याच्या बरोबरीला आला तर हाकलला जाईल, आणि समुद्रफुलाबाहेर पडलेला विदूषक मासा फार काळ जगत नाही. मत्स्यालयांच्या धंद्यातल्या लोकांना यातले शास्त्र माहीत नसले तरी व्यवहार पक्का माहीत असतो. जोडी हवी असेल तर दोन लहान मासे आणून एका टाकीत सोडायचे. नर-मादी निवडत बसायची गरज नाही. जो मोठा होईल ती मादी.

एकीकडे मोठेपणी नर, दुसरीकडे मोठेपणी मादी, हे कसे? मायकेल गिसेलिन यांनी 1969 साली याचे जे उत्तर दिले ते कोणत्याही वाण्याला पटेल. मासा जन्मभर वाढत राहतो. ज्या लिंगाला मोठेपणाचा फायदा जास्त, ते लिंग म्हातारपणासाठी राखून ठेवायचे. एक दांडगा नर हद्द राखून अनेक माद्यांवर ताबा ठेवू शकत असेल, तर लहानपणी मादी राहून थोडीथोडी अंडी घालावी आणि दांडगे झाल्यावर नर व्हावे. जोडीनेच राहायचे असेल, तर दांडग्या नराला अधिक माद्या मिळत नाहीत. तिथे मोठ्या पोटात जास्त अंडी मावतात हाच नफा, म्हणून मोठेपणी मादी. प्रवाळाच्या फांद्यांत राहणारे काही गोबी मासे तर दोन्ही दिशांनी बदलतात. एका प्रवाळावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये कोणी गिळण्याची भीती इतकी, की जो जोडीदार वाट्याला येईल त्याच्याप्रमाणे स्वतःच बदललेले परवडते.

या सगळ्या व्यवहाराला पायाभूत आहे तो आकार. नर कोण, मादी कोण, कधी, किती काळ, सारे आकारावर. आणि माणूस समुद्रातून मासा निवडतो तोही आकारावरच. जाळ्याच्या आसाची रुंदी, गळाचा काटा, लिलावातला भाव, पाहुण्यापुढे ठेवायचे ताट, सगळे मोठ्याला मान देतात. ज्या जातींत नर-मादी जन्मतःच ठरलेले असतात तिथे मोठे मासे गेले तर नुकसान होते, पण निदान दोन्हींकडून होते. लिंग बदलणाऱ्या जातींत मोठे गेले म्हणजे एक लिंगच्या लिंग उचलले जाते.

याचा हिशेब मेक्सिकोच्या आखातात मांडला गेला आहे. तिथला गॅग नावाचा हेकरू-कुळातला मासा. 1970च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या प्रौढ माशांत नर सुमारे 17 टक्के होते. 1990च्या दशकात ते दोन टक्क्यांच्या आसपास आले. शंभर प्रौढ मासे आणि त्यांत दोन नर. क्लीनर रॅससारखी थोरली पंधरा-अठरा दिवसांत जागा भरून काढेल, अशी आशा इथे करता येत नाही. हे मासे वर्षातला बराच काळ विखुरलेले राहतात; कोण मोठा, कोणाची जागा रिकामी, हे कळायला एकत्र यावे लागते आणि ते येतात प्रजननाच्या दिवसांत. नेमक्या त्याच दिवसांत होड्याही येतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या शीपहेड माशात दुसरा परिणाम मोजला गेला: मोठे नर संपत गेले, तशा माद्या लहान असतानाच नर होऊ लागल्या. जागा भरते, पण कच्च्या उमेदवाराने. आणि तो उमेदवार मादी म्हणून जी अंडी घालणार होता ती राहून जातात.

आपल्याकडे असा जमाव पाहायचा तर लक्षद्वीपमधले बित्रा बेट गाठावे. एरवी एकेकटे राहणारे चौकोनी शेपटीचे हेकरू तिथल्या प्रवाळाच्या कडेला अमावास्येच्या सुमारास हजारोंनी जमतात. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या रुचा करकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. एवढ्या दाटीचा जमाव जगात फार थोड्या ठिकाणी उरला आहे. तो इथे का टिकला, याचे साधे कारण म्हणजे होड्यांना त्याचा पत्ता उशिरा लागला. आपल्या किनाऱ्यापुरते बोलायचे तर विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्रेंचे नाव मिरवणारी आंग्रिया बँक पाण्याखाली आहे, प्रवाळांसकट. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 पासून कागदावर आहे. हेकरू दोन्हीकडे राहतात. त्यांच्यात नर किती उरले, हे मोजायला कोणी गेल्याचे ऐकिवात नाही. बंदरावर वजन मात्र रोज मोजले जाते.

आता जिताडा. हा काही प्रवाळावरचा मासा नव्हे. खाडीतला, खारेपाटातला, अलिबाग-पेणच्या तळ्यांत वाढवलेला आणि जावयाच्या पानात वाढलेला. तोच ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणून मिरवतो. तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून तयार. पुढे सहा-आठ वर्षांचा, मीटरभराच्या घरात पोचला, की मादी. पिल्ले गोड्या पाण्यात वर चढून जातात, पण अंडी खाऱ्या पाण्यातच घातली जातात, खाडीच्या मुखाशी. मोठी मादी एका हंगामात कोटींच्या हिशेबात अंडी देते. मोठ्या माद्यांचे मोल नुसत्या वजनात मोजू नये, हे 2018 साली माशांच्या 342 जातींच्या अभ्यासात स्पष्ट झाले आहे. 30 किलोची एक कॉड मादी दोन-दोन किलोच्या 28 माद्यांपेक्षा जास्त अंडी घालते. लिंग न बदलणाऱ्या कॉडची ही कथा. जिताड्यात तर लहान मादी हा पर्यायच जवळजवळ नाही.

क्वीन्सलंडमध्ये पूर्व किनाऱ्यावर बारामुंडी धरणाऱ्याला दोन मापे पाळावी लागतात. 58 सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर सोडा, आणि 120 सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तरीही सोडा. पहिल्या नियमाने नर वाचतो, दुसऱ्याने जुनी मादी. महाराष्ट्र सरकारने 2023 साली 54 जातींच्या माशांसाठी धरण्याचे किमान आकारमान ठरवले. चांगले केले, त्याआधी तेवढेही नव्हते. पण त्या यादीत फक्त ‘किमान’ आहे. ‘लहान सोडा, मोठा घ्या’ हे तत्त्व पापलेटाला, बांगड्याला चालून जाईल. जिताड्याला लावले, तर त्याचा अर्थ ‘नर सोडा, माद्या घ्या’ असा होतो आणि हेकरूला लावले तर ‘माद्या सोडा, नर संपवा’. नियम एकच, एका माशाच्या बाबतीत तो आईवर उठतो, दुसऱ्याच्या बाबतीत बापावर.

यावर ठरलेले उत्तर येईल, की एवढा मोठा मासा जाळ्यात आला तर गरीब कोळ्याने तो सोडायचा? डिझेलचे पैसे कोण देणार? आक्षेप खरा आहे. जाळ्यात खोलवरून वर आलेला हेकरू बहुतेकदा सोडून जगतही नाही. पोटातला वाताशय फुगून तो आधीच अर्धमेला झालेला असतो. म्हणून हेकरूच्या बाबतीत माप लावण्यापेक्षा जमावाची जागा आणि जमावाचे दिवस टाळणे हाच मार्ग उरतो, आणि तो सरकारने अलगद कोळ्याच्या गळ्यात घालून मोकळे होता कामा नये. पावसाळ्यातल्या बंदीचे दिवस आपण पाळतोच. हेकरूच्या अमावास्या कोणत्या, ते आधी कोणीतरी शोधायला हवे. जिताड्याचे तेवढे अवघड नाही. खाडीत जिताडा जिवंत हाती येतो, जिवंत सोडताही येतो, आणि उबवणीची पिल्ले आता विकत मिळतात. तळ्यातल्या जिताड्यावर जावयाचे भागू शकते.

तोवर बाजारात जाऊन पाहावे. श्रावण संपलेला असतो, पाटीत बर्फावर खाडीचे दोन जिताडे असतात, एक हातभर आणि एक त्याच्या दुप्पट. गिऱ्हाईक लहानाकडे बोट दाखवून भाव विचारते. कोळीण मोठ्याचे पोट दाबून दाखवते आणि म्हणते, “मोठा घे गो बाय, मोठ्यालाच गाबोली असते.”